बाळगोळी : मुंबईच्या गिरण्या, माळव्याची अफू आणि सरकारी हिशेब

१/ १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट' या मासिकात डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे हा त्याचा विषय होता. त्यातील एक आकडा आजही वाचणाऱ्याला थांबवतो. या स्त्रियांच्या दर १०० अर्भकांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जात होती.

२/ ही अफू ज्या रूपात दिली जाई, तिला 'बाळगोळी' म्हणत. घरोघरी परिचित असलेल्या बाळगुटीशी तिची गल्लत करू नये. बाळगुटी म्हणजे मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे सहाणेवर उगाळलेले वेढे. बाळगोळीचा मुख्य गुण मात्र अफूचा होता. ती दिली की मूल तासन्‌तास निपचित पडून राही.

३/ यात दोष कोणाचा? त्या काळी ठरलेले उत्तर होते : अडाणी आईचा आणि देशी चालीरीतींचा. परंतु हीच गोळी हातात घेऊन मागे चालत गेल्यास वाट चाळीतून परवानाधारक दुकानात, तेथून मुंबई बंदरात, माळव्याच्या शेतांत, चीनच्या किनाऱ्यावर आणि अखेर लंडनच्या पार्लमेंटात पोहोचते. हा धागा त्याच वाटेचा.

४/ प्रथम पदार्थाविषयी. खसखशीच्या झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की दुधासारखा चीक पाझरतो. तो वाळला की तपकिरी होतो, तीच अफू. तिच्यातील सर्वांत प्रभावी द्रव्य मॉर्फिन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्टुर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने ते वेगळे काढले. वेदना शमवणे, जुलाब आणि खोकला थांबवणे, झोप आणणे हे तिचे गुण खरे आहेत. म्हणूनच ती शतकानुशतके वैद्यांच्या बटव्यात होती.

५/ तिचा धोकाही याच गुणांच्या पोटात दडलेला आहे. रोज घेतल्यास शरीर तिला सरावते आणि पूर्वीचा परिणाम साधण्यासाठी अधिक मात्रा लागते. ती न मिळाल्यास जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब, अंगदुखी आणि निद्रानाश असा छळ सुरू होतो. मग माणूस सुखासाठी अफू घेत नाही, ती न घेतल्याचे दुःख टाळण्यासाठी घेतो. व्यसन म्हणतात ते याला.

६/ अर्भकाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर असतो. अफू मेंदूतील श्वसनाच्या केंद्राला मंद करते आणि तान्ह्या मुलाचे अपरिपक्व यकृत तिचा निचरा लवकर करू शकत नाही. मात्रा जरा चुकली तर श्वास थांबू शकतो. मात्रा बेताची असली तरी मूल कमी दूध पिते, त्याला मलावरोध होतो आणि ते हळूहळू वाळत जाते. शांत झोपलेले मूल आणि गुंगीत पडलेले मूल दिसायला सारखीच असतात.

७/ अफू हिंदुस्थानात इंग्रजांनी आणली असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोगल दरबारात ती होती. राजपुतान्यात आणि काठेवाडात पाहुण्यापुढे कसुंबा, म्हणजे पाण्यात विरघळवलेली अफू, धरण्याची रीत होती. माळवा, गुजरात, राजपुताना येथे लहान मुलांना ती देण्याची चालही जुनी. एकोणिसाव्या शतकात बदलला तो पुरवठा. सरकारच या पदार्थाचे सर्वांत मोठे व्यापारी बनले.

८/ १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीने आपल्या नियंत्रणाखाली घेतला. शतक संपता संपता बिहार आणि बनारसकडील लागवडही तिच्या देखरेखीखाली आली. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, पीक ठरलेल्या भावाने उचलायचे, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत माल तयार करायचा आणि कलकत्त्यात लिलाव करायचा अशी ही साखळी होती.

९/ माल जाई चीनला. इंग्लंडला चिनी चहा हवा होता; चीनला इंग्लंडचे फारसे काही नको होते. ही तूट अफूने भरून काढली. चीनच्या सम्राटाने १७२९ मध्येच अफूच्या विक्रीवर आणि ती ओढण्याच्या अड्ड्यांवर बंदी घातली होती. त्यामुळे कंपनी स्वतःच्या जहाजांतून माल नेत नसे. कलकत्त्यात लिलाव करून ती हात झटके आणि पुढची चोरटी वाहतूक खासगी व्यापारी करीत.

१०/ पश्चिमेकडील कथा निराळी. माळव्यातील खसखशीची शेते शिंदे, होळकर, धार-देवासचे पवार यांच्यासारख्या संस्थानिकांच्या मुलखांत होती. तेथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. या मालामुळे बंगाली अफूचा भाव पडे, म्हणून कंपनीने मुंबईची वाट रोखून पाहिली. व्यापाऱ्यांनी माळव्यातून मारवाड, तेथून सिंध, कराची आणि समुद्रमार्गे पोर्तुगीजांचे दमण असा लांबचा वळसा शोधला.

११/ जे रोखता येत नाही त्यावर कर बसवावा, हा धडा कंपनीने यातून घेतला. १८३० च्या सुमारास माळवी अफूला मुंबईमार्गे जाण्याचा परवाना देण्यात आला. दर पेटीला १७५ रुपये जकात ठरली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची आडवाट बंद झाली आणि जकात चढू लागली. १८४७ पर्यंत ती पेटीमागे ४०० रुपयांवर पोहोचली होती.

१२/ मुंबईच्या वैभवाच्या पायाभरणीत या पेट्या आहेत. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती चीनशी होणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली. पुढे या व्यापारात ससून घराण्याने मोठा वाटा मिळवला. याच संपत्तीतून जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला विद्यालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांना हातभार लागला. त्या दानाचे मोल कमी होत नाही. पैशाचा उगम ठाऊक असणेही तितकेच आवश्यक.

१३/ चीनमधील परिणाम सर्वश्रुत आहेत. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. इंग्लंडने युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, अफूची आयात कायदेशीर करणे चीनला भाग पडले. ज्या देशाने आपल्या प्रजेला व्यसनापासून वाचवण्याचा प्रयत्न केला, त्याला त्याबद्दल दंड भरावा लागला.

१४/ इकडे कलकत्त्याच्या खजिन्यात काही वर्षी हिंदुस्थान सरकारच्या एकूण उत्पन्नाचा सहावा-सातवा हिस्सा एकट्या अफूतून येत होता. या पैशाला हिंदुस्थानातूनही विरोध झाला. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराची नैतिक जबाबदारी इंग्लंडवर टाकली आणि त्याचे साधन बनणे हा हिंदुस्थानलाही कलंक मानला.

१५/ पुण्याच्या सुंदराबाई पवार यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. पंडिता रमाबाईंच्या वर्तुळातील या ख्रिस्ती कार्यकर्तीने इंग्लंडमध्ये सभा घेतल्या आणि १८९२ मध्ये लंडनहून अफूविरोधी पुस्तिका प्रसिद्ध केली. सरकारच्या अफूधोरणाला गुन्हा ठरवण्याचे धैर्य त्या पुस्तिकेच्या शीर्षकातच होते. तोवर हा वाद जमाखर्चाचा आणि चीनचा होता. एका हिंदी स्त्रीने आपल्या देशबांधवांसाठी न्याय मागून तो घराच्या उंबऱ्यापर्यंत आणला.

१६/ इंग्लंडमधील आंदोलनाचा जोर वाढत होता. १८९१ मध्ये कॉमन्स सभेने अफूच्या महसुलाची पद्धत नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवली. १८९३ मध्ये आल्फ्रेड वेब यांनी ठराव मांडला. व्यापार थांबवायचाच हे गृहीत धरून, तूट कशी भरावी याची चौकशी व्हावी, असा त्याचा रोख होता. (हेच वेब पुढच्या वर्षी काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.)

१७/ पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी उपसूचना आणली आणि प्रश्नच बदलला. मुळात बंदी घालावी का? घातल्यास खर्च किती? हिंदी जनता तो भार सोसण्यास तयार आहे का? लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. चौकशीचे उत्तर पुष्कळदा तिच्या प्रश्नातच ठरलेले असते.

१८/ आयोगाने ७०० हून अधिक साक्षी नोंदवल्या. १८९५ च्या अहवालाचा निष्कर्ष असा : हिंदुस्थानात अफूचे सेवन बहुतांशी बेताचे आहे, त्याची तुलना इंग्लंडमधील मद्यपानाशी करता येईल, बंदीची गरज नाही. अफू हिवतापापासून रक्षण करते, हा युक्तिवादही जोरात होता. वास्तविक ती अंगदुखी आणि हुडहुडी दडपते. तापाचे कारण जागच्या जागी राहते. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी दोनच वर्षांनी सिकंदराबादेत दाखवून दिला.

१९/ आयोगातील हेन्री विल्सन यांनी भिन्नमत नोंदवले. साक्षीदार निवडण्यात आणि पुरावा मांडण्यात सरकारी अधिकाऱ्यांचा हात होता, हा त्यांचा आक्षेप. तो महत्त्वाचा आहे. ज्याला विक्रीतून महसूल मिळतो, त्यानेच व्यसनाचे मोजमाप केले तर 'बेताचे' या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार? अर्भकांना अफू देण्याची चाल साक्षींत वारंवार आली होती. धोरण मात्र जैसे थे राहिले.

२०/ देशांतर्गत विक्री १८७८ च्या अफू कायद्याखाली परवानाधारक दुकानांतून चाले. पुढे राष्ट्रसंघाने औषधी गरजेचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे वर्षाला ६ शेर मानले. १९२० च्या दशकातील आकडेवारीत मुंबई शहराचे प्रमाण ४३ शेर आणि कलकत्त्याचे १४४ शेर होते. म्हणजे वैद्यकीय गरजेच्या कैक पट अफू सरकारी मोहोर असलेल्या दुकानांतून राजरोस विकली जात होती.

२१/ आता पुन्हा गिरणगावात. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत गेली. स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली, आणि ही सुधारणा गणली गेली. त्यात घर ते गिरणीची पायपीट, पहाटेचे पाणी आणि रात्रीची चूल मिळवली की दिवस संपला.

२२/ बाळंतपणासाठी पगारी रजा नव्हती. काम सोडले तर मजुरी बुडे आणि जागाही जाई. चाळीच्या एका खोलीत कुटुंब दाटीवाटीने राही. सासू, नणंद गावी. भोंगा झाला की तान्ह्याला कोणाच्या तरी हवाली करणे किंवा सोबत नेऊन सुताच्या धुळीत, यंत्रांच्या खडखडाटात निजवणे एवढेच पर्याय उरत. रडणारे मूल सांभाळायला कोणी नव्हते. निजलेले मूल सांभाळावे लागत नव्हते. बाळगोळी परवडणारी होती आणि जवळच्या दुकानात मिळत होती.

२३/ ही 'पौर्वात्य चालरीत' होती काय? उत्तरासाठी मँचेस्टरकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात तेथील गिरणी-कामगारांच्या घरांतही अर्भकांना अफूमिश्रित पातळ औषध पाजले जाई. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. धर्म निराळा, भाषा निराळी, हवामान निराळे. समान होते ते यंत्राचे वेळापत्रक आणि आईची सक्तीची गैरहजेरी.

२४/ १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर १,००० जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भके दगावल्याचे सरकारी आकडे सांगतात. येथे सावधगिरी हवी. अनेक जन्मांची नोंद शहरात होत नसे, त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. शिवाय दाटी, दूषित पाणी, उपासमार, साथी ही कारणे होतीच. सारे मृत्यू अफूच्या माथी मारणे हा इतिहास नव्हे. मात्र भुकेल्या, आजारी मुलाचे रडणेच बंद करणारी गोळी त्याला वाचवणारी नक्कीच नव्हती. रडणे ही त्याची एकमेव तक्रार होती.

२५/ उपाय कोणत्या दिशेने आले, तेही पाहण्याजोगे आहे. मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला. १९३४ च्या कारखाने कायद्याने, जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे त्यांच्या मुलांसाठी खोली ठेवण्यास भाग पाडण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. रजा, मजुरी आणि पाळणाघर हे शब्द व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात सहसा येत नाहीत. गोळीची गरज कमी करण्याची ताकद मात्र त्यांच्यातच होती.

२६/ पुरवठ्याची बाजूही आवळली गेली. १९०७ मध्ये चीनला होणारी निर्यात दरवर्षी एक दशांशाने घटवण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये ती थांबली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भारताने दहा वर्षांत अफूचे बिगर-वैद्यकीय सेवन बंद करण्याचा निर्णय घेतला. १९५९ ही मुदत होती. आज मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्यानेच औषधी उपयोगासाठी लागवड होते. नीमच आणि गाझीपूरचे सरकारी कारखाने अजून चालू आहेत.

२७/ प्रश्न संपलेला नाही. त्याचे रूप बदलले. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.१ टक्के भारतीय, म्हणजे दोन कोटींहून अधिक लोक, अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात. त्यांत पारंपरिक अफूपेक्षा हेरॉइन आणि औषधी गोळ्यांचा वापर अधिक आहे. सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज असल्याचा अंदाज आहे.

२८/ शंभर वर्षांपूर्वीच्या ९८ या आकड्याकडे पुन्हा पाहिले तर त्याचा अर्थ बदलतो. शंभरातल्या दोन-चार आया निष्काळजी होत्या असे म्हणता आले असते. शंभरातल्या ९८ जणी एकच गोष्ट करीत असतील, तर कारण त्यांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. ते कामाच्या तासांत, खोलीच्या आकारात, दुकानाच्या परवान्यात आणि महसुलाच्या रकान्यात सापडते.

२९/ म्हणून व्यसनाचा इतिहास वाचताना 'याने का घेतली?' या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत. विकली कोणी? नफा कोणाच्या वहीत जमा झाला? आणि हे प्रमाण 'बेताचे' आहे असे कोणी ठरवले? माळव्याच्या शेतापासून परळच्या चाळीपर्यंत या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री उपलब्ध आहेत. दोष मात्र दीर्घकाळ त्या साखळीतल्या सर्वांत शेवटच्या, सर्वांत थकलेल्या व्यक्तीच्या पदरात टाकला गेला.

(धागा समाप्त)